गाडीच्या आधी फाइल

ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका फटक्यात 150 मर्सिडीज गाड्या घेतल्या. सौदा सुमारे 65 कोटींचा. त्यातले चाळीस कोटींहून अधिक रुपये स्टेट बँक ऑफ इंडियाने कर्जाऊ दिले आणि व्याज लावले 7 टक्के. त्याच वर्षी डिसेंबरात पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त या आलिशान गाड्यांच्या कर्जाशेजारी ट्रॅक्टरच्या कर्जाचा हिशेब मांडला. मराठवाड्यातल्या पुष्कळांना तो लेख आजही आठवतो. 65 कोटींना 150 ने भागले की गाडीमागे सरासरी 43 लाख येतात.

मला या सौद्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. एवढ्या मोठ्या घटनेचे कागद दोन ठिकाणी उरतात. पहिली जागा वर्तमानपत्राची, तिथे 150, 65 आणि 7 हे आकडे राहिले. दुसरी जागा आरटीओची. कर्जावर घेतलेल्या प्रत्येक गाडीच्या आरसीवर बँकेचा बोजा चढतो आणि कर्ज फिटल्यावर फॉर्म 35 भरून तो उतरवावा लागतो. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. 2010 च्या ऑक्टोबरात नोंदलेल्या गाडीची मुदत 2025 च्या ऑक्टोबरात संपली. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्याची तपासणी आणि पर्यावरण कर. म्हणजे एका पिढीच्या आलिशान गाड्या आता आयुष्याच्या अशा वळणावर आहेत, जिथे मालक एक तर पुन्हा कागद करतो किंवा गाडी विकून टाकतो.

अशा गाड्या नांदेड-लातुरात नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळतात. त्यात ऑडीही असतात. शेंद्र्याच्या स्कोडा कारखान्यात 2007 पासून ऑडी ए-6 ची जुळणी होत होती, तेव्हा मराठवाड्याच्या मातीतच तयार झालेली गाडी मराठवाड्यातच चौथा मालक शोधते आहे, असे घडू शकते. गाडीचा भाव पंधरा वर्षांत उतरतो. तिच्या सुट्या भागांचा भाव उतरत नाही, ते 43 लाखांच्या गाडीचेच राहतात. म्हणून अशी गाडी घेणारा माणूस श्रीमंत असेलच असे नाही. बहुतेकदा तो आयुष्यात एकदाच मोठी गाडी घेणारा, साठवलेले पैसे घेऊन आलेला असतो. त्याची फसगत झाली तर भरून निघत नाही, आणि मला त्याची काळजी वाटते.

2024 च्या दिवाळीआधी नांदेडहून मावसभावाचा फोन आला. नव्या मोंढ्यात त्याचे आडतीचे दुकान आहे. “दादा, गाडी लय भारी हाय. एकदा येऊन बसून तं बघा.” मी म्हणालो, गाडी नंतर बघू, आधी फाइलीचे फोटो पाठव. त्याला राग आला. पण तो स्वतः तुरीचा नमुना तळहातावर घेतल्याशिवाय बोली लावत नाही, हे मी त्याला आठवून दिले. संध्याकाळी फोटो आले. आठवड्याने मी लातूरहून अहमदपूर, लोहा करत नांदेडला गेलो आणि मूळ फाइल हातात घेतली.

फाइलीत जे होते ते असे. आरसीची झेरॉक्स. विम्याच्या तीन पॉलिसी: 2020, 2021 आणि चालू वर्षाची. वर्कशॉपची तीन बिले. पीयूसीची पावती. सही केलेले, पण पुढे कोरे असलेले फॉर्म 29 आणि 30, ज्यांना सगळे टीटी फॉर्म म्हणतात. आणि एका खर्चाच्या अंदाजपत्रकाचे एकच पान, कोपऱ्यात ‘पान 2/3’ असे छापलेले.

निलंग्यात जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींनी फारसी कागदांच्या आधारे मराठ्यांचा आणि मोगलांचा इतिहास लिहिला. त्यांच्या पिढीच्या अभ्यासकांकडून आपल्याला एक शिस्त मिळाली आहे: कागद कोणी लिहिला, कशासाठी लिहिला आणि घटनेपासून किती दिवसांनी लिहिला, हे आधी विचारायचे. मोटारीच्या फाइलीला ही शिस्त तंतोतंत लागू पडते. विक्रेत्याचे तोंडी वर्णन हा उत्तरकालीन आणि हितसंबंधी पुरावा. वर्कशॉपचे बिल समकालीन असते, आणि ते लिहिणाऱ्याला पुढे ही गाडी कोण विकणार आहे याची कल्पनाही नसते. म्हणून बिलाची साक्ष मोठी.

सुरुवात नंबरापासून केली. गाडी एपी-09, म्हणजे हैदराबादची. 2 जून 2014 ला तेलंगणा झाले आणि तिथल्या नव्या गाड्यांना टीएस मिळू लागले. मार्च 2024 पासून टीजी. तेव्हा एपी-09 पाटीची गाडी जून 2014 च्या आधीची असणार, हे कोणताही कागद न उघडता सांगता येते. आरसीवर नोंदणी फेब्रुवारी 2011. जुळले. चेसिस नंबर सतरा अक्षरी; मर्सिडीजच्या नंबरात चौथे ते सहावे अंक मॉडेलची मालिका सांगतात. इथे 212, म्हणजे त्या काळची ई-क्लास. हाच आकडा 204 असता तर सी-क्लास, 221 असता तर एस-क्लास. नंतर गाडीवर कोरलेला नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिला. तोही जुळला. गाडी तीच होती, एवढे पक्के झाले.

आरसीवर बोजा होता: स्टेट बँक ऑफ हैदराबाद. मराठवाड्याच्या माणसाला हे नाव घरचे. निजामाच्या राज्यात 1941 साली स्थापन झालेली ही बँक 1 एप्रिल 2017 ला स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. फाइलीत बँकेचे ना-हरकत पत्र नव्हते. विक्रेता म्हणाला, कर्ज कधीच फिटले, आणि आता ती बँकच नाही, तर पत्र कोण देणार? विलीन झालेल्या बँकेची खाती आणि जबाबदाऱ्या स्टेट बँकेकडे गेल्या. पत्रही तीच देते. बोजा उतरल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. कर्ज फिटले असेलही. पण फाइलीत त्याचा आधार नव्हता, आणि आरसी सांगत होती की बोजा आहे.

याच आरसीवरून दुसरी गोष्ट निघाली. परिवहनच्या ॲपवर मालकाचा क्रमांक पहिला दिसत होता. पण विक्रेत्याच्या बोलण्यात गाडी हैदराबादहून आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे आणि नंतर त्याच्याकडे आली होती. तीन हात फिरलेली गाडी कागदावर अजून पहिल्याच माणसाची. कारण तेच कोरे टीटी फॉर्म. सही आहे, खरेदीदाराचे नाव नाही, तारीख नाही. असा फॉर्म एका हातातून दुसऱ्या हातात नोटेसारखा जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि राज्याबाहेर विकणाऱ्याने 45 दिवसांत कळवायचे असते. घेणाऱ्याने 30 दिवसांत. ही मुदत टाळण्यासाठीच तारखेची जागा कोरी ठेवतात.

ही फक्त कागदी हयगय नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये हेच ठरवले. गाडी विकली गेली होती, पुढेही हात बदलत गेली होती, आणि 2009 मध्ये तिने अपघात केला. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदणीकृत मालकावर टाकली, कारण कायद्याच्या नजरेत मालक तो, ज्याचे नाव नोंदणीत आहे. म्हणजे आमच्यासमोरच्या ई-क्लासने नांदेडच्या रस्त्यावर कोणाला धडक दिली असती, तर नोटीस हैदराबादच्या त्या पहिल्या मालकाला गेली असती. त्याने गाडी कधीच विकली, आणि तिचे पुढे काय होते आहे हे त्याला कळण्याची सोय या फॉर्मांनी ठेवलेली नाही. घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर तेवढाच धोका उलटा आहे: पैसे तुमचे, गाडी कायद्याने दुसऱ्याची. शिवाय परराज्यातली गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांहून अधिक ठेवायची तर इथे नव्याने नोंदवावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओचे फॉर्म 28 चे ना-हरकत आणि महाराष्ट्राचा कर. फॉर्म 28 फाइलीत नव्हता.

इथपर्यंत कागद काय नाही ते सांगत होते. आता काय आहे त्याकडे वळलो, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला.

तीन बिलांवर किलोमीटर लिहिलेले होते. 2013 मध्ये 31 हजार आणि काही, 2016 मध्ये 74 हजार, नोव्हेंबर 2019 मध्ये 1,12,360. चढता, सरळ क्रम. वर्षाला बारा-चौदा हजार. गाडीच्या मीटरवर मात्र 58,240. विक्रेत्याने अभिमानाने दाखवलेला आकडा हाच होता, “कमी चाललेली गाडी” म्हणून. मावसभावाचा चेहरा उतरला. त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो “मीटर मारलंय.” तसे असू शकत होते. पण मी त्याला थांबायला सांगितले. एका विसंगतीवरून माणसाला चोर ठरवणे हा इतिहास नव्हे. मीटरचा आकडा दोन कारणांनी मागे येतो: कोणी मुद्दाम फिरवला तर, किंवा मीटरचा संचच बदलला गेला तर.

आता पॉलिसी. फेब्रुवारी 2020 च्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस 50 टक्के. ही सवलत 20, 25, 35, 45 आणि 50 अशा पायऱ्यांनी चढते; 50 म्हणजे ओळीने निदान पाच वर्षे दावा नाही. फेब्रुवारी 2021 च्या पॉलिसीवर तीच सवलत शून्य. 50 वरून शून्य होण्याची कारणे मोजकी. मालक बदलला तर, कारण बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो. पण दोन्ही पॉलिसींवर नाव एकच होते. विमा संपून 90 दिवस उलटले तरीही बोनस जातो. पण पहिल्या पॉलिसीची अखेरची तारीख आणि दुसरीची पहिली तारीख लागून होत्या. कंपनीही तीच होती. मग एकच कारण उरले: फेब्रुवारी 2020 ते फेब्रुवारी 2021 या काळात या गाडीवर दावा केला गेला.

कशाचा? इथे ते एकाकी पान कामी आले. त्याच्या माथ्यावर गाडीचा नंबर होता, तारीख डिसेंबर 2020 ची होती. वर्कशॉपचे नाव पहिल्या पानावर राहिले, बेरीज तिसऱ्या पानावर. मधल्या पानावर फक्त यादी: गालिच्याचा पूर्ण संच, मीटरचा संच, एअरबॅगचे नियंत्रण मॉड्यूल, पुढचे दोन्ही सीटबेल्ट, जमिनीखालचे वायरिंग, दोन्ही पुढच्या सीटच्या मोटारी. बंपर नाही, बॉनेट नाही, हेडलाइट नाही, काच नाही. धडकेत गालिचे बदलावे लागत नाहीत. खालून वर आलेल्या पाण्यात लागतात.

13 आणि 14 ऑक्टोबर 2020 ला हैदराबादेत प्रचंड पाऊस झाला, वस्त्याच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. नांदेडकरांना त्या आठवड्याच्या बातम्या चांगल्या आठवतात. इथली कितीतरी मुले तिकडे शिकायला, नोकरीला आहेत. अंदाजपत्रक त्यानंतर दोन महिन्यांनी तयार झालेले.

तरीही अंदाजपत्रक म्हणजे झालेले काम नव्हे; करायच्या कामाची ती यादी. काम झाले की नाही हे त्या पानावरून ठरत नाही. ते गाडीनेच सांगितले. प्रत्येक सीटबेल्टच्या बुडाशी कापडी पट्टी असते, तिच्यावर बनवल्याची तारीख. मागच्या सीटबेल्टांवर 2010 चा शेवट. पुढच्या दोन्हींवर 2020. म्हणजे निदान सीटबेल्ट तरी बदलले गेले. मागचा पट्टा रिळातून शेवटपर्यंत ओढला, तेव्हा शेवटच्या वितीवर पिवळसर गाळाची रेषा दिसली. पुढच्या सीटखाली बोल्टांना गंज, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्याच्या कडेला वाळलेला बारीक चिखल. नवा गालिचा वरून कोरा करकरीत होता. त्याची कडा उचलल्यावर खालच्या जाड फोमला कुबट वास.

असे चार स्वतंत्र पुरावे एका जागी आले. पॉलिसीने काळ सांगितला, पानाने स्वरूप, पट्ट्यांनी काम झाल्याचे, गाळाने कारण. पाचवी गोष्ट म्हणजे मीटर. त्याचा संच यादीत होता. बहुधा मीटर कोणी फिरवला नव्हता. तो पाण्यात गेला, दुसरा बसवला, आणि त्या दुसऱ्या मीटरचा इतिहास या गाडीचा नव्हता. गाडी निदान 1,12,360 चालली आहे, एवढेच विधान साधार. त्यावर किती, याचा अंदाज करायला मी तयार नव्हतो. मर्सिडीजचा स्कॅनर किलोमीटरची नोंद इतर मॉड्यूलांतूनही वाचतो. पण त्यासाठी गाडी हैदराबाद, पुणे किंवा संभाजीनगरला न्यावी लागली असती, आणि आता त्याची गरज उरली नव्हती.

पुरात बुडालेली गाडी कोरडी झाली की सुंदर दिसते. रंगाला काहीच होत नाही. बिघाड होतो तो जोडण्यांमध्ये: तांब्याच्या टोकांवर हिरवा गंज हळूहळू चढतो आणि दोन-तीन पावसाळ्यांनी एअरबॅगचा दिवा लागतो, काच अर्ध्यात अडकते, गाडी चावी ओळखत नाही. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला तर कंपनी ती टोटल लॉस धरते. अशा गाड्या लिलावात जातात, आणि त्यातल्या काही पुन्हा रस्त्यावर येतात. आमच्या गाडीच्या बाबतीत तसे म्हणायला आधार नव्हता. पण एअरबॅग ज्या मॉड्यूलच्या भरवशावर फुगते त्याच्या पायाशी एकदा पाणी येऊन गेले होते, आणि त्या गाडीत मावसभावाच्या दोन मुली बसणार होत्या.

विक्रेत्याला आम्ही पुढे काही म्हटले नाही. त्याला हे ठाऊक होते की नव्हते, हे कागदावरून ठरत नाही. त्याच्याकडेही गाडी दुसऱ्याच्या सहीवर आली होती. इसार दिलेला नव्हता, हे भाग्य.

यांत्रिक तपासणी मी मुद्दाम शेवटी ठेवतो. लोक उलटे करतात. आधी गाडी चालवून बघतात, आवाज न येणारा दरवाजा लावून बघतात आणि मनातल्या मनात ती घेऊन टाकतात. त्यानंतर वाचलेली फाइल डोळ्यांना दिसते, मनाला दिसत नाही. तरी यंत्राची काही ठरावीक दुखणी सांगून ठेवतो. 2009 ते 2011 च्या काळातल्या मर्सिडीजच्या 2.1 लिटर डिझेल इंजिनांच्या इंजेक्टरांनी जगभर त्रास दिला. बदलल्याचे बिल असेल तर ती जमेची बाजू. तेव्हाच्या 1.8 लिटर पेट्रोल इंजिनांत टायमिंग चेन सैल पडण्याची तक्रार होती. ती सकाळी थंड इंजिनावर पहिल्या काही सेकंदांच्या खडखडाटात ऐकू येते, म्हणून विक्रेत्याने गाडी आधीच गरम करून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. हवेच्या सस्पेन्शनची गाडी रात्रभर उभी करून सकाळी चारही कोपरे मोजावेत. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 3519 म्हणजे 2019 चा पस्तिसावा आठवडा. नवीन दिसणारे टायर सहा वर्षांचे असू शकतात. यापुढचे काम अशा गाड्या उघडलेल्या मिस्त्रीचे, आणि त्याला रॅम्पवर गाडी देऊन पूर्ण दिवसाची मजुरी द्यावी.

दिल्लीहून येणाऱ्या डिझेल गाड्यांचे वेगळे आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना तिथे बंदी केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2018 मध्ये ती उचलून धरली. त्यामुळे तिथला भाव पडला आणि तिथल्या गाड्या देशभर पसरल्या. डीएल पाटीची गाडी स्वस्त दिसली तर तिच्या स्वस्ताईचे कारण हे असू शकते, दोष असेलच असे नाही. पण ना-हरकत पत्र निघालेले आहे का, एवढे मात्र आधी बघावे.

मावसभावाने 2025 च्या उन्हाळ्यात दुसरी गाडी शोधली, लातुरात. एमएच-20, म्हणजे औरंगाबादची, नोंदणी नोव्हेंबर 2010, मालिका 204, पेट्रोल. बोजा स्टेट बँक ऑफ इंडियाचा, उतरवल्याची नोंद 2014 ची. तारीख आणि बँक पाहून त्याला वाटले, ही त्या दीडशेपैकी. तो फार खूश झाला. मी त्याला म्हणालो, महिना जवळचा आहे, गाव तेच आहे, बँकही तीच आहे. एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही, आणि गाडी चांगली आहे की नाही याच्याशी त्याचा संबंधही नाही. फाइल जाड होती. चौदा वर्षांची बिले, एकही वर्ष रिकामे नाही, किलोमीटर चढत्या क्रमाने 1,38,000 पर्यंत. टायमिंग चेन 2018 ला बदललेली, बिलासकट. दुसऱ्या मालकाचे नाव आरसीवर चढलेले, बोनस त्या वर्षी शून्य आणि पुढे पायरी पायरीने वर. सगळे सीटबेल्ट 2010 चे. डाव्या मागच्या दरवाजाला टचिंग होते. त्याचेही बिल होते आणि मालकाने ते आपणहून दाखवले. भाव पहिल्या गाडीपेक्षा लाखभर जास्त. मावसभावाने घासाघीस केली नाही.

नोव्हेंबरात 15 वर्षे पूर्ण झाली. नूतनीकरणाचा फॉर्म 25, पाच हजारांची फी, पर्यावरण कर. कागद करताना चेसिस नंबरवर पातळ कागद धरून वरून शिसपेन्सिल हलक्या हाताने फिरवायची असते, म्हणजे कोरलेली अक्षरे कागदावर उमटतात. नांदेड जिल्ह्यातल्या होट्टलच्या मंदिरातल्या चालुक्यकालीन लेखांचे ठसे अभ्यासक घेतात, त्याची आठवण होते. मावसभाऊ वाकला. पहिल्या वेळी कागद हलला आणि 204 मधला शून्य दुहेरी आला. दुसऱ्या वेळी मी दोन्ही टोके धरून ठेवली, त्याने पेन्सिल फिरवली, आणि सतरा अक्षरे एकामागून एक स्वच्छ उठली. त्याने त्या पट्टीचा आधी मोबाइलवर फोटो काढला, मग ती फॉर्मला चिकटवली, आणि फोटोची छापील प्रत घरी फाइलीत सगळ्यात वर लावली, तारीख घालून.